वर्षावनांची आकाशातून राखण : उपग्रह, करार आणि आकडे

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी श्रीहरिकोटा येथून ‘पीएसएलव्ही-सी५१’ हे प्रक्षेपक अवकाशात झेपावले. त्यातला मुख्य उपग्रह भारताचा नव्हता. ६३७ किलोग्रॅम वजनाचा ‘अमेझोनिया-१’ हा ब्राझीलचा उपग्रह होता. आराखड्यापासून चाचणीपर्यंत सर्व कामे त्या देशाने स्वतः केलेला हा त्याचा पहिला पृथ्वीनिरीक्षक उपग्रह. एकेकाळी अंतराळवीर असलेले ब्राझीलचे तत्कालीन विज्ञानमंत्री मार्कोस पोंतेस हे प्रक्षेपणासाठी मुद्दाम आले होते. उपग्रहाचे मुख्य काम त्याच्या नावातच सांगितले होते. सुमारे साडेआठशे किलोमीटर रुंदीचा पट्टा एका दमात टिपायचा, दर पाच दिवसांनी त्याच भूभागावर परत यायचे आणि अमेझॉनच्या अरण्यात कोठे कुऱ्हाड पडते आहे ते पाहायचे.

ब्राझीलचे अरण्य, त्यावर नजर ठेवणारा ब्राझीलचा उपग्रह आणि तो कक्षेत नेणारे भारतीय प्रक्षेपक, अशी ही जुळणी होती. उष्णकटिबंधीय वनांच्या देखरेखीचा गेल्या पाच दशकांचा इतिहास अशाच जुळण्यांचा आहे. अमेझॉनचे खोरे, आफ्रिकेतील काँगोचे खोरे आणि आग्नेय आशियातील बेटे ही या वनांची तीन मोठी आगरे होत. ती ज्या देशांत आहेत त्यांपैकी बहुतेकांपाशी स्वतःचे उपग्रह नाहीत. आणि ज्यांच्यापाशी उपग्रह आहेत त्यांच्या सीमेत ही वने बहुधा नाहीत. ब्राझील आणि भारत हे यातले ठळक अपवाद. त्यामुळे चित्र एकाचे, अरण्य दुसऱ्याचे आणि पैसा तिसऱ्याचा, अशी विभागणी आरंभापासून चालत आली. या विभागणीतूनच सहकार्याचे करार झाले आणि वादही उभे राहिले.

ब्राझीलची मोजणी

अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ मध्ये अवकाशात गेला. त्याची चित्रे थेट उतरवून घेणारे केंद्र ब्राझीलने पुढच्याच वर्षी कुयाबा येथे उभारले. अमेरिका आणि कॅनडा यांच्यानंतर असे केंद्र उभारणारा तो तिसरा देश ठरला. साओ जोझे दोस कांपोस या शहरातील ‘इन्पे’ ही राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था तेव्हापासून या क्षेत्रात आहे. १९८८ पासून ती ‘प्रोदेस’ या नावाने अमेझॉनच्या ब्राझीलमधील भागाची दरवर्षी मोजणी करते. सुमारे ५० लाख चौरस किलोमीटरच्या प्रदेशातील चित्रे प्रशिक्षित तज्ज्ञ डोळ्यांनी तपासतात. सव्वासहा हेक्टरांपेक्षा मोठा जो तुकडा समूळ साफ झालेला दिसेल, तो त्या वर्षीच्या वनविनाशात धरला जातो. हिशेबाचे वर्ष ऑगस्ट ते जुलै असे असते, कारण अमेझॉनमध्ये कोरड्या ऋतूतच आकाश बऱ्यापैकी निरभ्र मिळते. एकदा साफ म्हणून नोंदलेली जागा पुन्हा मोजली जात नाही. तिथे झाडे परत उगवली तरी ती मूळ अरण्यात जमा होत नाहीत. ही शिस्त कठोर आहे, आणि म्हणूनच तीस-पस्तीस वर्षांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात.

वार्षिक मोजणीत मोठी उणीव होती. आकडा हाती येईपर्यंत झाडे पडलेली असत. २००४ मध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर अरण्य नष्ट झाल्याची नोंद झाली. गोव्यासारखी सात राज्ये त्यात सहज मावली असती. त्याच वर्षी मारिना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना सरकारने वनविनाश रोखण्याची व्यापक योजना हाती घेतली आणि ‘इन्पे’ने ‘देतेर’ ही त्वरित इशारा देणारी यंत्रणा सुरू केली. तिचा भर अचूक क्षेत्रफळावर नव्हता. तोड चालू असतानाच ‘इबामा’ या पर्यावरण अंमलबजावणी यंत्रणेला जागा कळावी, एवढाच तिचा हेतू. संरक्षित क्षेत्रे वाढली, नव्याने साफ केलेल्या जमिनीवरील सोयाबीन न घेण्याचा करार व्यापाऱ्यांनी २००६ मध्ये केला, नियम मोडणाऱ्यांच्या कर्जवाटपावर निर्बंध आले. या सर्वांचा एकत्रित परिणाम असा झाला, की २०१२ मध्ये वनविनाशाचा वार्षिक आकडा ४,५७१ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आला.

तोड करणारेही या काळात शहाणे झाले. आरंभीच्या ‘देतेर’ला २५ हेक्टरांपेक्षा लहान तुकडा दिसत नसे. कालांतराने मोठे साफ पट्टे कमी होऊन लहान तुकड्यांचे प्रमाण वाढल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले. मग यंत्रणा बदलावी लागली. २०१५ पासूनची सुधारित ‘देतेर’ तीन हेक्टरांपर्यंतचा बदल टिपू लागली, आणि त्यासाठी तिने दोन परदेशी दुव्यांचा आधार घेतला : चीनसह बनविलेल्या उपग्रहाचा आणि भारताच्या रिसोर्ससॅट-२ वरील कॅमेऱ्याचा. भारतीय चित्रांचा उपयोग त्यापूर्वीही झाला होता. लँडसॅट-५ ने २०११ च्या अखेरीस काम थांबविले आणि लँडसॅट-८ फेब्रुवारी २०१३ मध्ये गेला. मधल्या काळात वार्षिक मोजणी खंडित होऊ न देण्यात रिसोर्ससॅटच्या चित्रांचाही हातभार होता. वर्तमानपत्रांत चांद्रयानाला जेवढी जागा मिळते तेवढी या कामाला कधी मिळाली नाही.

चीन आणि ब्राझील यांचा करार जुलै १९८८ चा. दोन विकसनशील देशांनी मिळून पृथ्वीनिरीक्षक उपग्रह बांधण्याची ती पहिलीच मोठी खेप. आरंभी खर्चाचा ७० टक्के वाटा चीनचा आणि ३० टक्के ब्राझीलचा होता. पुढच्या उपग्रहांसाठी तो निम्मा-निम्मा झाला. पहिला उपग्रह ऑक्टोबर १९९९ मध्ये गेला. डिसेंबर २०१३ मध्ये या मालिकेतील एक उपग्रह प्रक्षेपकाच्या बिघाडामुळे कक्षेत पोहोचलाच नाही. पर्यायी उपग्रह बरोबर वर्षभराने गेला. या भागीदारीचा सर्वांत दूरगामी परिणाम मात्र यंत्रात शोधून सापडणार नाही. ब्राझीलने २००४ पासून ही चित्रे विनामूल्य द्यायला सुरुवात केली. त्या वेळी लँडसॅटच्या एका चित्रासाठी सुमारे ६०० डॉलर मोजावे लागत. अमेरिकेने २००८ मध्ये लँडसॅटचा सारा संग्रह खुला केला, तेव्हा जगभरच्या वनअभ्यासाचे रूपच पालटले. मेरीलँड विद्यापीठाच्या मॅथ्यू हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी साडेसहा लाखांहून अधिक चित्रे संगणकावर तपासून २०१३ मध्ये जगाचा पहिला सविस्तर वनबदल नकाशा प्रसिद्ध केला. प्रत्येक चित्र विकत घ्यावे लागले असते, तर असा अभ्यास योजण्याचेही कोणी धाडस केले नसते. त्याच नकाशाच्या पायावर जागतिक संसाधन संस्थेने २०१४ मध्ये ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’ हे संकेतस्थळ नव्या रूपात उघडले. ते आज कोणालाही, कोठूनही पाहता येते.

खुल्या आकड्यांची किंमत ‘इन्पे’लाही मोजावी लागली. २०१९ च्या मध्यास ‘देतेर’चे इशारे झपाट्याने वाढले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांनी ते आकडे खोटे असल्याचा जाहीर आरोप केला. संस्थेचे संचालक, भौतिकशास्त्रज्ञ रिकार्दो गाल्वांव यांनी आकड्यांची बाजू तितक्याच जाहीरपणे घेतली आणि ऑगस्टमध्ये त्यांना पद गमवावे लागले. त्या वर्षीची अंतिम मोजणी आली ती १०,१२९ चौरस किलोमीटरची; दहा वर्षांतील तो सर्वांत मोठा आकडा होता. २०२१ मध्ये तो १३,०३८ वर गेला. संचालक बदलता आला. पण तीच चित्रे परदेशी विद्यापीठांकडे आणि संस्थांकडेही होती, त्यामुळे आकडा झाकून ठेवणे कोणाच्या हाती उरले नव्हते. सत्तांतरानंतर २०२३ मध्ये गाल्वांव ब्राझीलच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे प्रमुख झाले. ‘इन्पे’च्या प्राथमिक अंदाजानुसार जुलै २०२५ अखेरच्या वर्षात वनविनाश ५,७९६ चौरस किलोमीटरपर्यंत उतरला.

ढगांपलीकडे

साध्या कॅमेऱ्याला जे डोळ्यांना दिसेल तेच दिसते, आणि वर्षावनावर ढग असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सह्याद्री जसा उपग्रहांना जवळजवळ अदृश्य होतो, तसे काँगो खोऱ्याच्या पश्चिम भागात वर्षातील बराच काळ घडते. तोड करणाऱ्यांसाठी ढगांचे महिने सोयीचे. या अडचणीवर उपाय रडारचा. रडार स्वतः सूक्ष्मलहरी सोडते आणि परतून आलेला प्रतिसाद मोजते. त्याला सूर्यप्रकाश लागत नाही की ढगांची बाधा होत नाही. लहरीची लांबी येथे कळीची ठरते. पाच-सहा सेंटीमीटरची लहर झाडाच्या शेंड्यावरील पानांवरूनच परतते. चोवीस सेंटीमीटरची लहर पानांतून आत शिरून खोडाफांद्यांपर्यंत पोहोचते. खाली पडलेले झाड हिरवे असले, तरी उभे खोड नाहीसे झाल्याचे तिला कळते.

या लांब लहरीचे रडार दीर्घकाळ सांभाळले ते जपानने. १९९२ चा ‘जेईआरएस-१’, २००६ चा ‘दाइची’, २०१४ चा ‘दाइची-२’ आणि जुलै २०२४ मध्ये गेलेला ‘दाइची-४’ अशी ती परंपरा. जपानच्या सहकार्य संस्थेने २००९ नंतर ब्राझीलच्या अंमलबजावणी यंत्रणेला ‘दाइची’ची चित्रे आणि ती वाचण्याचे प्रशिक्षण दिले, पावसाळी महिन्यांत झाडावर घातलेली कुऱ्हाड प्रथमच नियमितपणे दिसू लागली. एप्रिल २०११ मध्ये ‘दाइची’चा वीजपुरवठा अचानक ढासळला आणि तो मूक झाला. पुढचा उपग्रह येण्यास तीन वर्षे गेली. एका उपग्रहावर विसंबण्याचा धोका किती, हे त्या तीन वर्षांनी दाखविले. २०१६ पासून जपानची अवकाश संस्था आणि सहकार्य संस्था मिळून सत्तरहून अधिक देशांतील उष्णकटिबंधीय वनांसाठी साधारण दीड महिन्याच्या अंतराने बदलांची माहिती विनामूल्य देतात.

युरोपचा ‘सेंटिनेल-१’ आखूड लहरीचा असला तरी त्याची चित्रे वारंवार आणि खुली मिळतात. नेदरलँडमधील वाखेनिंगेन विद्यापीठाने त्यांवर आधारित इशारे तयार केले असून दहा मीटरच्या बारकाव्यापर्यंत ते बदल दाखवितात. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेचा ‘बायोमास’ उपग्रह फ्रेंच गयानातील कुरू येथून गेला. त्याची लहर सुमारे सत्तर सेंटीमीटरची, म्हणजे थेट बुंध्यापर्यंत पोहोचणारी. अरण्यात किती कार्बन साठला आहे याचा अदमास त्यावरून बांधता येतो. गंमत अशी, की अमेरिकेच्या संरक्षणविषयक रडारांना व्यत्यय नको म्हणून या उपग्रहाला उत्तर अमेरिका आणि युरोप यांवर काम करण्याची मुभा नाही. ज्यांनी तो बांधला त्यांचीच वने त्याला पाहता येत नाहीत.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ गेला. नासाने दिलेले लांब लहरीचे आणि इस्रोने दिलेले मध्यम लहरीचे अशी दोन रडारे, बारा मीटर व्यासाचा जाळीदार अँटेना आणि दर बारा दिवसांनी जवळजवळ सर्व भूपृष्ठाची फेरी, असे त्याचे स्वरूप आहे. माहिती सर्वांना खुली ठेवण्याचे दोन्ही देशांनी ठरविले आहे. भूकंप, हिमनद्या, शेती अशी त्याची अनेक कामे असली तरी पावसाळ्यातील वनांसाठी आजवर विनामूल्य मिळालेल्या साधनांत त्याच्या तोडीचे दुसरे क्वचितच सापडेल.

नॉर्वेचा पैसा

नॉर्वेच्या सीमेत उष्णकटिबंधीय वन एक हेक्टरही नाही. तरीही या विषयावर सर्वाधिक पैसा खर्च करणाऱ्या देशांत तो अग्रभागी आहे. २००७ च्या बाली हवामान परिषदेत त्याने दरवर्षी तीन अब्ज क्रोनरपर्यंत रक्कम वने वाचविण्यासाठी देण्याची घोषणा केली. समुद्रातील तेल आणि वायू विकून मिळालेला हा पैसा आहे, हे टीकाकार विसरू देत नाहीत. आणि त्यात तथ्यही आहे. ब्राझीलचा ‘अमेझॉन निधी’, गयानाशी २००९ मध्ये झालेला २५ कोटी डॉलरपर्यंतचा करार, इंडोनेशियाशी २०१० मध्ये झालेला एक अब्ज डॉलरपर्यंतचा करार ही या धोरणाची फळे. सर्वांचे सूत्र एकच : वनविनाश घटल्याचे सिद्ध करा आणि मग पैसे घ्या. सिद्ध करण्याचे साधन अर्थात उपग्रहचित्र.

हे सूत्र कागदावर सोपे वाटते. इंडोनेशियाने २०१६-१७ मध्ये उत्सर्जन घटविल्याबद्दल ५ कोटी ६० लाख डॉलर मिळावयाचे होते. ते वेळेत आले नाहीत आणि सप्टेंबर २०२१ मध्ये इंडोनेशियाने करारच संपुष्टात आणला. वर्षभराने नवा करार झाला, तेव्हा इंडोनेशियाच्या स्वतःच्या कार्यक्रमाला आणि स्वतःच्या मोजणीला अधिक मान होता. आपल्या अरण्याची मोजणी परक्याने करावी आणि त्यावरून आपले बक्षीस ठरवावे, ही गोष्ट स्वाभिमानी देशांना रुचत नाही. ब्राझीलने १९८८ पासून स्वतःची यंत्रणा उभी केली त्यामागेही हीच भावना होती.

सप्टेंबर २०२० मध्ये नॉर्वेने वेगळा मार्ग घेतला. देशांना पैसे देण्याऐवजी त्याने चित्रेच विकत घेऊन जगाला वाटली. नॉर्वेची ‘केसॅट’, अमेरिकेची ‘प्लॅनेट’ आणि युरोपची ‘एअरबस’ यांच्याशी सुमारे ४ कोटी ३५ लाख डॉलरचा करार झाला. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंतच्या साठहून अधिक देशांची चित्रे, पाच मीटरपेक्षा लहान बारकाव्याने, दर महिन्याला, कोणालाही विनामूल्य पाहता येऊ लागली. लँडसॅटच्या चित्रातील एक ठिपका ३० मीटरचा असतो. नव्या चित्रांत जंगलातून काढलेला लाकूड ओढण्याचा रस्ताही ओळखता येई. या चित्रांमागील ‘डव्ह’ नावाच्या, पाचेक किलो वजनाच्या लहान उपग्रहांचा मोठा थवा भारतानेच कक्षेत नेला होता. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘पीएसएलव्ही-सी३७’ ने एकाच फेरीत १०४ उपग्रह सोडण्याचा विक्रम केला, त्यांतील ८८ ‘डव्ह’ होते. त्या दिवशीच्या बातम्यांत १०४ हा आकडा गाजला, पण एवढे उपग्रह कशासाठी हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

या कराराची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. जी चित्रे चार वर्षे हवेसारखी फुकट होती ती एका तारखेला थांबू शकतात, याची जाणीव तेव्हा अनेक लहान संस्थांना झाली. त्याच वर्षी अमेरिकेने आपली परदेशी मदत-संस्था ‘यूएसएआयडी’ बंद केली. नासासह ती चालवीत असलेला ‘सर्व्हिर’ हा उपग्रह-माहितीचा उपक्रमही त्यामुळे निराधार झाला. सरकारी उपग्रहांची खुली चित्रे आणि कंत्राटाने विकत घेतलेली चित्रे यांत हा फरक राहतोच.

एकाच वर्षाचे दोन आकडे

२०२४ या वर्षाविषयी दोन बातम्या आल्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. ‘इन्पे’ने सांगितले, की अमेझॉनमधील वनविनाश आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटला. ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’ने सांगितले, की जगात ६७ लाख हेक्टर उष्णकटिबंधीय मूळ अरण्य नाहीसे झाले, हा आजवरचा उच्चांक आहे, आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा ब्राझीलचा आहे. वाचकाने यातले काय खरे धरावे?

उत्तर व्याख्येत आहे. ‘प्रोदेस’ फक्त समूळ साफ केलेली जमीन मोजते, तीही ऑगस्ट ते जुलै या वर्षात. मेरीलँडची पद्धत कोणत्याही कारणाने छत्र नाहीसे झाले तर ते मोजते, आगीने झाले तरी, आणि तिचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर. शिवाय ‘प्रोदेस’चा वरील आकडा केवळ अमेझॉनचा आहे, दुसरा साऱ्या ब्राझीलचा. २०२४ च्या दुष्काळात दक्षिण अमेरिकेत भयंकर वणवे लागले आणि जगभरच्या त्या हानीत जवळपास निम्मा वाटा आगींचा होता. होरपळलेले अरण्य कधी सावरते, कधी पुढच्या दोन-तीन आगींत संपते. ते कोणत्या रकान्यात टाकावे हा निर्णय उपग्रह करीत नाही, माणसे करतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलें येथील हवामान परिषदेच्या निमित्ताने ब्राझीलने पुढे केलेल्या उष्णकटिबंधीय वननिधीत उभ्या अरण्यासाठी दरवर्षी हेक्टरी सुमारे ४ डॉलर देण्याची कल्पना आहे. तिथे अशा व्याख्येचा प्रत्येक शब्द पैशांत बदलणार आहे.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्यानेही चित्रांना असेच बळ दिले. ३१ डिसेंबर २०२० नंतर वन तोडलेल्या जमिनीवरील कॉफी, कोको, रबर, सोयाबीन, पामतेल, गुरे आणि लाकूड युरोपात विकता येऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्यासाठी प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमलबजावणी एकाहून अधिक वेळा लांबणीवर पडली असली, तरी कोडगू आणि चिकमगळूरच्या कॉफी बागायतदारांना आपल्या बागांच्या सीमा नोंदविण्याची तयारी करावी लागत आहे. तेथे कॉफी दाट सावलीच्या झाडांखाली वाढते. वरून पाहणाऱ्या यंत्राला ती बाग आणि शेजारचे रान यांतला भेद सहज कळत नाही, आणि सावलीची काही झाडे छाटली तर ते ‘वन तोडले’ असे समजण्याचा संभव असतो.

नदीवाटे पोहोचलेले चित्र

इशारा आला म्हणून झाड वाचत नाही. तो कोणाच्या हाती पडतो, त्याला जागेवर जाण्याचा अधिकार आणि साधन आहे का, यावर पुढचे ठरते. पेरूच्या उत्तरेकडील लोरेतो प्रांतात यासंबंधी एक नेटका प्रयोग झाला. तेथील आदिवासींच्या ७६ वस्त्या निवडण्यात आल्या आणि चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने त्यांतील ३६ ठिकाणी उपग्रहाचे इशारे नियमित पोहोचविण्याची व्यवस्था झाली. वस्त्यांत इंटरनेट नव्हते. म्हणून दर महिन्याला माणूस नदीतून होडीने जाई आणि चित्रे व ठिकाणांची नोंद असलेला पेनड्राइव्ह हाती देई. वस्तीतून निवडलेले निरीक्षक ती माहिती फोनवर उतरवून रानात जात, काय घडले ते पाहत आणि वस्तीच्या सभेत मांडत. मग घुसखोराला हुसकावायचे की सरकारकडे तक्रार करायची, ते सभा ठरवी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षी या वस्त्यांतील वनहानी इतर वस्त्यांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी २१ टक्क्यांनी कमी राहिली.

दुसऱ्या वर्षी परिणाम का ओसरला हा प्रश्न उरतोच. पण सर्वाधिक घट झाली ती जेथे धोका सर्वाधिक होता तेथे, हे लक्षणीय आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने २२ उष्णकटिबंधीय देशांत विनामूल्य इशाऱ्यांचा परिणाम तपासला. जेथे कोणीतरी इशाऱ्यांसाठी नाव नोंदविले होते अशा आफ्रिकेतील भागांत वनतोडीची शक्यता १८ टक्क्यांनी घटली. दक्षिण अमेरिकेत मात्र तसा परिणाम दिसला नाही. ब्राझीलसारख्या ठिकाणी स्वतःची यंत्रणा आधीपासूनच होती, हे त्याचे एक संभाव्य कारण.

गोव्यापुरते

मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यापासून गोव्याच्या पूर्वेकडील डोंगरांत, म्हादई अभयारण्यासह, जागोजागी वणवे लागले. नौदल आणि वायुदलाची हेलिकॉप्टरे पाण्याच्या बादल्या घेऊन फिरली, ती दृश्ये सत्तरीवासीय अजून विसरलेले नाहीत. त्या आगींच्या जागा वनखात्याला कळत होत्या त्या अमेरिकी उपग्रहांमुळे. त्यांवरील उष्णतामापकांची नोंद हैदराबादनजीक शादनगरच्या केंद्रात उतरते, डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे जाते आणि तेथून राज्यांना इशारे निघतात. २००४ पासून ही साखळी चालू आहे. अलीकडच्या उपकरणाचा ठिपका ३७५ मीटरचा आहे. म्हणजे इशारा सांगतो की या टेकडीवर कोठेतरी आग आहे. पुढची वाट वनरक्षकाला पायी काढावी लागते. दुपारी लागून संध्याकाळी विझलेली आग दोन फेऱ्यांच्या मध्ये निसटूही शकते.

वनाच्या मोजणीचा प्रश्न गोव्यातही व्याख्येपाशी येतो. वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यातील वनाच्छादन २,२४४ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या सुमारे ६० टक्के आहे. या गणनेत एक हेक्टरपेक्षा मोठी आणि छत्राची घनता १० टक्क्यांहून अधिक असलेली कोणतीही जमीन येते, मग ती सरकारी असो वा खासगी, रान असो वा बाग. तेव्हा काजूची डोंगरउताराची लागवड आणि माडा-पोफळीची मोठी कुळागरेही यात सामावू शकतात. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणला. त्याच्या मूळ देशात ‘प्रोदेस’ने मोजले असते तर साफ झालेल्या अरण्यावरची काजूबाग वनात धरली गेली नसती. राज्याचा ६० टक्क्यांचा आकडा आणि खाणपट्ट्यातील वा घाटमाथ्यावरील तोडीबद्दलची तक्रार एकाच वेळी खरी असू शकते, ती यामुळेच.

‘निसार’च्या बारा दिवसांच्या फेरीत सह्याद्रीही येतो, भर श्रावणात ढगांआड असला तरी.